सोन्याच्या पत्र्याखाली काय दडलंय?

मुलांनो, ताईची, दादाची किंवा शेजारच्या एखाद्या मुलाची जुनी पुस्तकं तुमच्यापैकी पुष्कळांनी वापरली असतील. अशा पुस्तकावर नावाची चिठ्ठी असते. नव्या मालकाने आपली चिठ्ठी जुन्या चिठ्ठीवरच चिकटवलेली असते. नखाने हळूच वरची चिठ्ठी उचकटली, की खालून दुसरंच नाव डोकावतं. मग प्रश्न पडतो, हे पुस्तक मुळात होतं तरी कुणाचं?

युरोपातल्या एका राजवाड्यात असाच एक भाला ठेवलेला आहे. त्याच्यावर सोन्याची चिठ्ठी आहे. तिच्याखाली चांदीची चिठ्ठी आहे. दोन्हींवरची नावं मात्र वेगवेगळी! आणि खरी गंमत अशी, की भाल्याचा पहिला मालक या दोघांपैकी कुणीच नाही.

या भाल्यासाठी राजे एकमेकांना धमक्या देत, हजारो माणसं त्याच्या दर्शनाला लोटत, आणि तो जवळ असला की लढाई जिंकता येते अशी सैनिकांची खात्री असे. तो कुठला, कधीचा, आणि कशासाठी घडवलेला, याचं खरं उत्तर मात्र त्याच्या लोखंडातच लपून बसलं होतं. चला तर, आज आपण तो भाला बघायला जाऊ आणि ते उत्तर कसं सापडलं तेही पाहू.

खजिन्याच्या दालनात

आपल्याला जायचंय ऑस्ट्रिया देशाच्या राजधानीत, व्हिएन्नाला. शहराच्या मधोमध होफबुर्ग नावाचा राजवाडा आहे. राजवाडा म्हणजे एकच इमारत समजू नका हं! हाब्सबर्ग घराण्याने इथून १९१८ सालापर्यंत, म्हणजे सहाशेहून अधिक वर्षं राज्य केलं. प्रत्येक पिढीने एखादं दालन, एखादा चौक, एखादा दरवाजा वाढवला. त्यामुळे हे एक छोटं गावच झालं आहे.

वाड्याच्या सर्वांत जुन्या भागाला एक लालभडक दरवाजा आहे. त्यावर १५५२ हे साल कोरलेलं आहे. त्याला 'स्विस दरवाजा' म्हणतात, कारण एके काळी इथे स्वित्झर्लंडचे पहारेकरी उभे असत. दरवाज्यातून आत गेलं की दगडी चौक लागतो. त्या चौकातूनच राजघराण्याच्या खजिन्याकडे जाण्याची वाट आहे.

आत शिरताच डोळे थोडे बिचकतात. सगळीकडे मंद उजेड. जुनी कापडं आणि रंग प्रखर प्रकाशाने खराब होतात, म्हणून दिवे मुद्दाम मंद ठेवलेले असतात. एकामागून एक दालनं. रत्नजडित मुकुट, जरीचे झगे, तलवारी. चालता चालता आपण एका दालनात येतो आणि समोर दिसतो जवळजवळ हजार वर्षांपूर्वीचा एक मुकुट. तो गोल नाही, अष्टकोनी आहे. सोन्याचे आठ पत्रे बिजागऱ्यांनी जोडून तो केला आहे. 'पवित्र रोमन साम्राज्य' नावाच्या मोठ्या राज्याचा तो मुकुट. नावात रोम असलं तरी हे साम्राज्य मुख्यतः आजच्या जर्मनीत आणि आसपासच्या प्रदेशात पसरलेलं होतं. ते १८०६ साली संपलं.

मुकुटाच्याच दालनात सोन्याने मढवलेला एक मोठा क्रूस आहे, आणि त्याच्या सोबतीला आपला भाला. हा क्रूस १०३० च्या सुमारास तयार झाला, आणि तो आहे चक्क एक पेटी! त्याच्या आडव्या हातात पोकळी आहे. त्या पोकळीत हा भाला ठेवत असत. भाल्यासाठी सोन्याची आणि हिऱ्यामाणकांची पेटी! मग भाला तरी केवढा झगमगीत असेल, असं वाटलं ना?

आता नीट बघा. काळपट लोखंडाचा एक फाळ. लांबी अर्ध्या मीटरच्या किंचित वर, ५०.७ सेंटिमीटर. लाकडी दांडा नाहीच. फाळाचं पातं मधोमध उभं कापून त्यात लांबट फट पाडलेली आहे. त्या फटीत एक बारीक लोखंडी खिळा बसवून तारेने बांधला आहे. खालच्या बाजूला दोन्ही अंगांनी सुरीच्या पात्यांसारखे तुकडे जोडले आहेत. पातं एके ठिकाणी तुटलेलं आहे. आणि तुटलेल्या जागेवर, जखमेवर पट्टी बांधावी तसा, सोन्याचा पत्रा गुंडाळला आहे.

काय विचित्र भाला आहे, नाही? लढाईचा म्हणावा तर मध्येच फट कशाला? शोभेचा म्हणावा तर इतका ओबडधोबड कसा? असा कोड्यात टाकणारा भाला समोर आला, की पहिलं काम कोणतं? त्याच्यावर काही लिहिलं आहे का ते वाचणं!

पहिली चिठ्ठी : सोन्याची

सोन्याच्या पत्र्यावर लॅटिन भाषेत थोडेसेच शब्द आहेत. त्यांचा अर्थ आहे, 'प्रभूचा भाला आणि खिळा'.

प्रभू म्हणजे इथे येशू ख्रिस्त. येशूला क्रूसावर खिळलं होतं हे तुम्हाला माहीत आहेच. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात सांगितलंय, की एका शिपायाने येशूच्या कुशीत भाला भोसकला. त्या शिपायाचं नाव तिथे दिलेलं नाही. पुढे लोक त्याला लॉन्जायनस म्हणू लागले. ग्रीक भाषेत भाल्याला 'लोंखे' म्हणतात, त्यावरूनच हे नाव पडलं असावं. म्हणजे आपल्याकडे 'भालेराव' म्हणावं तसंच झालं की!

तर सोन्याची चिठ्ठी म्हणते, हाच तो भाला, आणि फटीत बसवलेला खिळा म्हणजे येशूच्या क्रूसाचा खिळा. हा पत्रा बसवला सम्राट चौथ्या चार्ल्सने, १३५० नंतर. चार्ल्सची राजधानी होती प्राग. त्याने पोपला विनंती केली आणि १३५४ साली पोपने या भाल्याच्या आणि खिळ्याच्या नावाने एक सण पाळायला परवानगी दिली. भाल्याच्या नावाने सण!

सम्राटाने लिहिलं, पोपने मानलं, मग संपलं का कोडं? थांबा. सोन्याच्या पत्र्याखाली अजून काहीतरी आहे.

दुसरी चिठ्ठी : चांदीची

सोन्याचा पत्रा काढला तर खाली चांदीचा पत्रा निघतो. त्यावरही लॅटिन मजकूर आहे, आणि तो चांगला लांबलचक आहे. त्याचा मथितार्थ असा : 'हा प्रभूचा खिळा. देवाच्या कृपेने रोमन सम्राट झालेल्या तिसऱ्या हेन्रीने, प्रभूचा खिळा आणि संत मॉरिसचा भाला मजबूत व्हावा म्हणून, ही चांदी करवून घेतली.'

वाचलंत? खिळा प्रभूचाच, पण भाला मात्र संत मॉरिसचा! म्हणजे चांदीची चिठ्ठी सोन्याच्या चिठ्ठीला खोटं पाडते.

आता थोडी हेरगिरी करू. ही चांदीची चिठ्ठी कधीची? त्यावर साल नाही. पण 'तिसरा हेन्री' हे नाव आहे. इतिहासाच्या पुस्तकात बघाल तर जर्मनीच्या राजांत हेन्री नावाचे अनेकजण सापडतील. त्यांतला पहिला हेन्री नुसता राजा होता. सम्राट तो कधीच झाला नाही. त्यामुळे सम्राटांची मोजदाद केली, तर दुसरा हेन्री हा पहिला, तिसरा हेन्री हा दुसरा, आणि चौथा हेन्री हा तिसरा! म्हणजे ही चिठ्ठी लावणारा हेन्री म्हणजे राजांच्या यादीतला चौथा. त्याला सम्राटपदाचा मुकुट मिळाला १०८४ साली आणि त्याची सत्ता गेली ११०५ च्या अखेरीस. म्हणून चांदीचा पत्रा या एकवीस वर्षांतलाच असला पाहिजे. एका 'तिसऱ्या' या शब्दावरून केवढा शोध लागला पाहा!

आणि हा संत मॉरिस कोण? ख्रिस्ती परंपरा सांगते, की तो रोमन सैन्यातल्या एका पलटणीचा इजिप्तमधला सेनापती. तिसऱ्या शतकाच्या शेवटी, आपल्याच धर्मबांधवांवर हत्यार उचलायला नकार दिला म्हणून, आल्प्स पर्वतातल्या एका गावी त्याला सैनिकांसह ठार मारण्यात आलं. ते गाव आज स्वित्झर्लंडमध्ये आहे, आणि त्याचं नावच सेंट-मॉरिस आहे.

आता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. चौथ्या हेन्रीपासून चौथ्या चार्ल्सपर्यंत सुमारे अडीचशे वर्षं गेली. एवढ्या काळात भाला तोच राहिला, पण मालकाचं नाव संतावरून थेट येशूच्या गोष्टीपर्यंत चढलं.

तिसरी चिठ्ठी : कागदावरची

चांदीच्या पत्र्याखाली लोखंडाचा एक पत्रा आहे. तो नुसता तुटलेलं पातं धरून ठेवण्यासाठी. त्यावर नाव नाही. मग याहून जुनी माहिती कुठे शोधायची? अर्थातच जुन्या ग्रंथांत.

दहाव्या शतकात लिउटप्रांड नावाचा एक धर्मगुरू होऊन गेला. तो पुढे इटलीतल्या क्रेमोना गावचा बिशप झाला. त्याने आपल्या काळच्या राजांच्या हकिकती लिहून ठेवल्या. त्यात हा भाला आहे! मध्ये फटी असलेला, खिळा बसवलेला, असं त्याचं वर्णनही आहे. लिउटप्रांडच्या मते हा भाला रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा. चौथ्या शतकातल्या या सम्राटाने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला, आणि त्याची आई हेलेना हिला जेरुसलेममध्ये येशूचा क्रूस आणि खिळे सापडले, अशी परंपरा आहे.

लिउटप्रांड आणखी एक गोष्ट सांगतो. हा भाला बर्गंडीचा राजा रुडॉल्फ याच्याकडे होता. जर्मनीच्या पहिल्या हेन्रीला तो हवाच होता. त्याने मागून पाहिला. रुडॉल्फ नाही म्हणाला. बक्षिसांचं आमिष दाखवलं, तरी नाही. शेवटी हेन्रीने सरळ धमकी दिली, की भाला दिला नाहीस तर तुझ्या राज्याची राखरांगोळी करीन. तेव्हा कुठे रुडॉल्फने भाला दिला. हेन्रीने त्याला सोनं दिलं, चांदी दिली, आणि आपल्या राज्यातला एक मोठा मुलूखही देऊन टाकला! एका लोखंडी फाळासाठी अख्खा मुलूख!

म्हणजे आता आपल्याकडे तीन नावं झाली. कॉन्स्टंटाइन, संत मॉरिस, आणि क्रूसाजवळचा तो शिपाई. यातलं खरं कोणतं? माणसांची साक्ष झाली. आता भाल्याची साक्ष घेऊ.

लोखंड काय सांगतं?

वस्तूची साक्ष घ्यायची म्हणजे तिचा आकार बघायचा, घडण बघायची आणि तशाच दुसऱ्या वस्तू शोधायच्या.

या फाळाच्या खालच्या बाजूला, दांडा बसवण्याच्या नळीवर, दोन्हीकडे आडवे 'पंख' आहेत. म्हणून अशा भाल्याला पंखांचा भाला म्हणतात. पंख कशाला? उडायला नव्हे हं! भाला फार खोल घुसला की तो चटकन परत ओढता येत नाही, आणि तेवढ्यात दुसरा शत्रू अंगावर येतो. पंख आडवे येऊन भाल्याला अडवतात. शिवाय शत्रूचं हत्यार अडवायला, त्याची ढाल बाजूला ओढायलाही ते उपयोगी पडत.

असे पंखांचे भाले येशूच्या काळी रोमन शिपायांकडे नव्हते. ते सापडतात फ्रँक आणि त्यांच्या शेजारच्या लोकांच्या मुलुखात, म्हणजे आजच्या जर्मनी-फ्रान्सच्या भागात, जमिनीतून आणि नदीच्या पात्रातून. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन इथल्या मठात नवव्या शतकातलं एक सोनेरी अक्षरांचं हस्तलिखित आहे. त्यातल्या चित्रात घोडेस्वारांच्या हाती हुबेहूब असेच पंखांचे भाले आहेत. चित्रकाराने आपल्या डोळ्यांसमोरचे सैनिकच काढले, नाही का?

आकारावरून अभ्यासकांनी भाल्याचं वय ठरवलं : आठवं शतक. म्हणजे शार्लमेन राजाचा किंवा त्याच्या थोडा आधीचा काळ.

मग शास्त्रज्ञ आले. २००३ साली एका इंग्रज धातुतज्ज्ञाला या भाल्याची तपासणी करू देण्यात आली. सोन्याचांदीचे पत्रे बाजूला करून, क्ष-किरणांच्या साहाय्याने, भाल्याला कुठेही न कापता ती झाली. आपल्या हाडांचा फोटो काढतात तेच हे किरण; धातूवर सोडले तर त्यात कोणकोणती द्रव्यं आहेत याचाही ते पत्ता देतात. निष्कर्ष असा निघाला, की भाला सातव्या शतकाच्या आधीचा असू शकत नाही.

आता सरळ हिशेब करा. येशूला क्रूसावर दिलं ते इसवी सन ३० च्या सुमारास. संत मॉरिसची गोष्ट तिसऱ्या शतकाच्या शेवटची. कॉन्स्टंटाइन वारला ३३७ साली. आणि भाला घडला साधारण आठव्या शतकात! म्हणजे हे तिघेही होऊन गेल्यानंतर शेकडो वर्षांनी कुण्या लोहाराने भट्टी पेटवली, घण उचलला आणि हा फाळ ठोकला. त्या लोहाराचं नाव मात्र कुठल्याच चिठ्ठीवर नाही.

आणि तो खिळा? त्याची लांबी आणि आकार पहिल्या शतकातल्या रोमन खिळ्यांशी मिळतेजुळते आहेत, असं त्याच धातुतज्ज्ञाने सांगितलं. मिळतेजुळते आहेत, एवढंच. तेवढ्यावरून तो येशूच्या क्रूसाचा आहे असं सिद्ध होत नाही. रोमन लोकांनी लाखो खिळे ठोकले होते.

मग तो कशासाठी होता?

आता आपल्या कोड्याचा उरलेला अर्धा भाग. पंखांचा भाला मुळात लढाईचाच. पण ज्या दिवशी त्याचं पातं कापून त्यात पवित्र मानलेला खिळा बसवला, त्या दिवशी त्याचं काम बदललं. मध्येच फट पाडलेलं पातं लढाईत टिकणार कसं? पुढे ते तुटलंच. म्हणजे भाला आता भोसकण्यासाठी उरला नव्हता. तो खिळ्याची पेटी झाला होता आणि राजाची खूण झाला होता. राजापुढे तो उंच धरायचा, म्हणजे साऱ्या फौजेला कळावं, की देव आपल्या बाजूला आहे.

९५५ सालच्या ऑगस्ट महिन्याची गोष्ट. मग्यार घोडेस्वारांच्या टोळ्या जर्मनीवर चालून आल्या होत्या. ऑग्सबर्ग शहराजवळ लेख नदीच्या मैदानात लढाई झाली. पहिल्या हेन्रीचा मुलगा ऑटो तेव्हा राजा होता. त्या काळचा इतिहासकार लिहितो, की ऑटोने ढाल आणि पवित्र भाला हाती घेतला आणि सर्वांच्या आधी स्वतःचा घोडा शत्रूकडे वळवला. ऑटो जिंकला. मग्यारांच्या पश्चिमेकडच्या स्वाऱ्या थांबल्या, आणि भाल्याची कीर्ती दुणावली.

पण जरा विचार करा. लढाई भाल्याने जिंकली, की राजा स्वतः पुढे आहे हे पाहून चेव चढलेल्या सैनिकांनी?

आणखी एक प्रसंग १००२ सालचा. सम्राट तिसरा ऑटो इटलीत तरुणपणीच वारला. त्याला मूलबाळ नव्हतं. कोलोनचा आर्चबिशप हेरिबर्ट त्याचं शव घेऊन जर्मनीकडे निघाला. वाटेत बव्हेरियाचा सरदार हेन्री आडवा आला. त्याला राजा व्हायचं होतं. त्याने राजचिन्हं ताब्यात घेतली. पाहतो तर काय, भाला नाही! हेरिबर्टने तो गुपचूप पुढे पाठवून दिला होता. हेन्रीने हेरिबर्टलाच अडकवून ठेवलं. भाला आणून देईन असं वचन आणि आपला भाऊ ओलीस दिल्यावर मगच हेरिबर्ट सुटला. शेवटी हेन्रीला भालाही मिळाला आणि राज्यही. भाला नसेल तर राजा अर्धाच, असा तो काळ होता.

म्हणूनच त्याच्या प्रतिकृतीलाही भाव होता. १००० साली तिसऱ्या ऑटोने पोलंडच्या बोलेस्लावला या भाल्याची एक नक्कल भेट दिली. ती पोलंडमधल्या क्राकोव शहरात, वावेल टेकडीवरच्या कॅथीड्रलमध्ये जपून ठेवलेली आहे.

तुमच्या ध्यानात आलं का? राजाला जेवढा मोठा आधार हवा, तेवढा मोठा मालक भाल्याला मिळत गेला. आणि खालची चिठ्ठी झाकली गेली.

भाले किती?

येशूच्या कुशीतला भाला म्हणून मान मिळालेला हा एकच भाला नाही बरं का! रोमच्या सेंट पीटर चर्चमध्ये दुसरा आहे. तुर्कस्तानचा सुलतान दुसरा बायझीद याने १४९२ साली तो पोपला भेट दिला. त्याचं टोक पॅरिसमध्ये होतं. ते फ्रान्सच्या राज्यक्रांतीत हरवलं. तिसरा आहे आर्मेनिया देशात, एचमियादझिन इथे. तो पूर्वी ज्या मठात होता त्याचं नाव गेघार्ड, आणि आर्मेनियन भाषेत गेघार्ड म्हणजे भालाच!

चौथ्याची गोष्ट दुःखाची आहे. १०९८ साली धर्मयुद्धाला निघालेले युरोपी सैनिक अँटिऑक शहरात वेढ्यात सापडले होते. खायला अन्न नव्हतं. तेव्हा पीटर बार्थोलोम्यू नावाचा एक साधा माणूस म्हणाला, 'मला स्वप्नात भाल्याची जागा दिसली.' चर्चची जमीन खणली आणि लोखंडाचा तुकडा निघाला! सैनिकांना हुरूप आला, ते बाहेर पडले आणि जिंकले. पुढे लोकांना शंका आली. आपलं म्हणणं खरं आहे हे दाखवण्यासाठी १०९९ साली पीटर जळत्या लाकडांमधून चालत गेला. भाजून काही दिवसांनी तो मेला.

बिचारा पीटर! लोखंड कधीचं हे आगीत चालून कसं कळणार? त्यासाठी लोखंडच तपासायला हवं. पण ते तपासण्याची साधनं त्या काळी कुणाकडेच नव्हती.

भाला परत व्हिएन्नाला

आपल्या भाल्याचा प्रवासही थोडा ऐकून घ्या. १४२४ मध्ये सम्राट सिगिस्मुंडने सारी राजचिन्हं जर्मनीतल्या न्यूर्नबर्ग शहराच्या स्वाधीन केली. वर्षातून एकदा ती बाजारचौकात उंच माचावरून लोकांना दाखवत. ही प्रथा १५२३ पर्यंत चालली. १७९६ मध्ये फ्रेंच फौजा जवळ आल्या तेव्हा ती घाईघाईने हलवली आणि १८०० साली व्हिएन्नाला आणली.

१९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि हा सगळा खजिना न्यूर्नबर्गला नेला. त्याच्या पक्षाचे मोठमोठे मेळावे त्याच शहरात भरत. आपण जुन्या सम्राटांचे वारस आहोत असं त्याला मिरवायचं होतं. पुन्हा तीच युक्ती, पाहिलंत ना? युद्धात बॉम्ब पडू लागले तेव्हा हा खजिना न्यूर्नबर्गच्या किल्ल्याखालच्या तळघरात लपवला. १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने शहर जिंकलं, खजिना शोधून काढला, आणि जानेवारी १९४६ मध्ये तो व्हिएन्नाला परत आला.

'हा भाला ज्याच्या हाती, तो जगाचा राजा' अशी एक गोष्ट तुम्ही सिनेमात किंवा पुस्तकात कधीतरी ऐकाल. ती १९७० च्या दशकातल्या एका इंग्रजी पुस्तकामुळे जगभर पसरली. खरं सांगायचं, तर हिटलरने एकटा भाला नेला नव्हता. मुकुट, तलवारी, झगे, सगळंच नेलं होतं. आणि भाला सात वर्षं त्याच्या ताब्यात असूनही तो युद्ध हरलाच की!

मग हा भाला खोटा म्हणायचा का?

काही मुलं म्हणतील, 'म्हणजे सगळं थोतांड!' पण तसं म्हणण्याची घाई करू नका. भाला खरा आहे. तो खराखुरा बाराशे वर्षांपूर्वीचा आहे. ऑटोने खरंच तो हाती घेतला. हजारो यात्रेकरूंनी खरंच त्याच्यापुढे हात जोडले. त्यांची श्रद्धा खोटी नव्हती. खरी नाहीत ती चिठ्ठ्यांवरची नावं.

आणि संग्रहालयाने काय केलं ठाऊक आहे? सोन्याचा पत्रा काढून फेकून दिला नाही. तोही जपला, चांदीचाही जपला, लोखंडाचाही. भाल्याच्या माहितीत मात्र 'आठवं शतक' असं स्वच्छ लिहिलं. कारण चुकीची चिठ्ठीसुद्धा इतिहासच असते. ती वस्तूबद्दल फारसं सांगत नाही, पण ती कुणी चिकटवली आणि त्याला काय हवं होतं, हे मात्र बरोबर सांगते.

तुमच्या गावातही एखादं संग्रहालय असेल. एखाद्या जुन्या वाड्यात भिंतीला तलवार टांगलेली असेल, देवळात एखादी घंटा असेल, घरात पणजीचा पितळी डबा असेल. 'ही अमक्या सरदाराची', 'हा तमक्या राजाने दिला' असं कुणी सांगितलं तर आदराने ऐका. सांगणाऱ्या आजोबांना उलट उत्तर देऊ नका! पण मग आईबाबांना बरोबर घेऊन ती वस्तू जवळून बघा. कोणत्या धातूची आहे? जोड कसा दिला आहे? कुठे झिजली, कुठे दुरुस्त केली? काही लिहिलं असेल तर ते वस्तू घडवतानाच लिहिलं, की मागाहून? आणि अशीच दुसरी वस्तू कुठे बघायला मिळते?

हे पाच प्रश्न एका वहीत लिहून काढा आणि प्रत्येकापुढे तुम्हाला जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा. ऐकलेलं शेजारच्या पानावर लिहा. दोन्ही पानं जुळली तर छानच. नाही जुळली, तर शोध घ्यायला तुमच्याकडे स्वतःचं एक कोडं आलं म्हणून समजा!